डॅन्यूबकाठचा शेवटचा दिवस : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

पासाऊ ते व्हिएन्ना हा डॅन्यूब नदीकाठचा सायकलमार्ग. जर्मनीच्या सीमेवरच्या गावातून निघून ऑस्ट्रियाच्या राजधानीत पोहोचणारा, सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपासचा, जवळजवळ सगळा सपाट आणि बराचसा मोटारींपासून वेगळा. वारं बहुतेक दिवस पश्चिमेकडून, म्हणजे पाठीशी. परदेशात पहिल्यांदा सायकल चालवणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी आम्ही हाच रस्ता सुचवतो. आलेले प्रश्न चाळताना एक गोष्ट सारखी खटकली. निघायच्या दिवसाची तयारी सगळ्यांनी बारकाईने केली आहे. शेवटच्या दिवसापुढे मात्र एकच ओळ लिहिलेली असते : 'व्हिएन्ना, सायकली परत, विमान.' या वेळचं सदर त्या एका ओळीसाठी.

प्रश्न : अकरावी-बारावीचे १६ विद्यार्थी आणि आम्ही ३ शिक्षक आहोत. सायकली भाड्याच्या. सातव्या रात्री क्रेम्सला मुक्काम, आठव्या दिवशी क्रेम्स ते व्हिएन्ना आणि त्याच रात्री साडेनऊचं विमान. सकाळी सातला निघालो तर जमेल ना? – एक शिक्षिका, नाशिक

उत्तर : बाई, हा बेत बदला, अजून वेळ आहे.

आधी हिशेब मांडू. क्रेम्स ते व्हिएन्ना सुमारे ८० किलोमीटर. मुलं चालत्या सायकलवर ताशी १५ चा वेग सहज धरतात, पण १९ जणांच्या गटाचा खरा वेग म्हणजे पाणी, लघवी, फोटो, चेन उतरणं, मागे राहिलेल्याची वाट पाहणं हे सगळं धरून ताशी १० ते ११. म्हणजे साडेसात-आठ तास. तीनला व्हिएन्नात. १९ सायकली तपासून परत करायला दीड-दोन तास, मग पाच. गाडीने विमानतळ अर्धा तास, तीन तास आधी पोहोचायचं म्हणजे साडेसहा. कागदावर बसतं, आणि धोका इथेच आहे. कारण हा हिशेब एकही पंक्चर न धरता केलेला आहे. मागच्या चाकाचं पंक्चर काढून गट पुन्हा हलेपर्यंत २०-२५ मिनिटं जातात. मे-जूनमध्ये या भागात दुपारनंतर गडगडाटी पाऊस येतो. विजा चमकत असताना नदीकाठच्या उघड्या बांधावर सायकल चालवायचीच नाही, थांबायचं. त्यात तासभर जाऊ शकतो. रस्त्याचं काम असेल तर 'उमलायटुंग' अशी पिवळी पाटी लागते, म्हणजे वळसा. यातल्या दोन गोष्टी एका दिवशी घडल्या की मुलांना घाई करायला सांगावं लागतं, आणि दमलेली मुलं शहराच्या रहदारीत घाई करतात तेव्हा पडतात.

आमचा सल्ला असा. क्रेम्सचा मुक्काम एक दिवस आधी, सहाव्या रात्री घ्या, सातवा मुक्काम टुल्नला करा आणि विमान नवव्या दिवसाचं घ्या. टुल्न ते व्हिएन्ना ३५ ते ४० किलोमीटर, म्हणजे आरामात चार तास. सकाळी साडेआठला निघून जेवायच्या वेळेला शहरात. दुपारी सायकली परत, संध्याकाळी आंघोळ, सामान बांधणी, झोप.

क्रेम्स ते टुल्न हे ४५ किलोमीटर मग सातव्या दिवशी सावकाश होतात, आणि वाटेत त्स्वेन्टेनडॉर्फ लागतं. तिथे पूर्ण बांधून झालेलं पण कधीही चालू न झालेलं अणुवीज केंद्र उभं आहे. ५ नोव्हेंबर १९७८ च्या सार्वमतात ऑस्ट्रियाने निसटत्या बहुमताने त्याला नकार दिला. विज्ञान आणि नागरिकशास्त्र एकाच कुंपणापाशी शिकवता येईल अशी ही जागा आहे, तिच्यासमोरून पळत जाऊ नका.

एक रात्र वाढवणं खर्चात बसत नसेल तर शेवटाला कात्री न लावता सुरुवातीला लावा : पासाऊऐवजी लिंत्सहून निघा, सुमारे १०० किलोमीटर कमी होतात. श्ल्योगेनजवळचं नदीचं नागमोडी वळण त्यात हुकतं, याचं वाईट वाटेल. तरी चालेल.

आणखी एक आधार ध्यानात ठेवा. टुल्न ते व्हिएन्ना या टप्प्यात एस-४० ही लोकल रेल्वे रस्त्याच्या जवळून धावते : ग्रायफेनश्टाइन, क्लोस्टरनॉयबुर्ग, नुसडॉर्फ, मग फ्रान्त्स-योसेफ्स-बानहोफ हे व्हिएन्नातलं स्थानक. कुणाचा गुडघा दुखला, कुणाला ताप आला, तर एका शिक्षकासोबत त्याला गाडीत बसवा. सायकलचं तिकीट वेगळं लागतं आणि डब्यात जागा मोजक्याच सायकलींना असते, त्यामुळे अख्ख्या गटाने गाडीचा भरवसा धरू नये.

मुलांना अंतर मोजायला मोबाइल लागत नाही. डॅन्यूबच्या काठावर नदीच्या किलोमीटरच्या पाट्या असतात आणि ते मोजमाप काळ्या समुद्राकडच्या मुखापासून वर येतं, म्हणून तुम्ही व्हिएन्नाकडे जाता तसे आकडे उतरत जातात. टुल्नपाशी १९६३ च्या आसपास, व्हिएन्नाच्या राइख्सब्रुके पुलापाशी १९२९. पाटी पाहिली की उरलेलं अंतर मुलं स्वतःच वजा करून काढतात. रस्ता नदीपेक्षा थोडा लांब पडतो, एवढं सांगून ठेवा.

प्रश्न : आमचा १४ जणांचा कॉलेजचा गट आहे. व्हिएन्नात शिरताना नदीचा कुठला काठ धरावा? आणि शहरात सगळ्यांना एकत्र कसं ठेवायचं? – सायकल क्लबचा एक सदस्य, पुणे

उत्तर : आधी सायकली कुठे परत करायच्या आहेत ते पाहा, काठ त्यावर ठरवायचा. दोन्ही वाटा चांगल्या आहेत.

उजवा, म्हणजे दक्षिण काठ धरलात तर ग्रायफेनश्टाइननंतर क्लोस्टरनॉयबुर्गचा मोठा मठ लागतो, मग नुसडॉर्फ. इथे नदीपासून डोनाउकानाल हा कालवा फुटतो. फाट्यावर ओटो वागनर या वास्तुरचनाकाराने १८९४ ते १८९८ मध्ये उभारलेला बंधारा आणि पूल आहे, पुलाच्या खांबांवर कांस्याचे दोन सिंह. ते सिंह दिसले की गट थांबवा, डोकी मोजा, पाणी प्या. इथून शहर सुरू. कालव्याच्या काठाने पाच-सहा किलोमीटर गेलं की श्वेडेनप्लात्स, म्हणजे जुन्या शहराचं दार. ही वाट सुंदर आहे, पण संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी चालणाऱ्यांनी, कुत्री फिरवणाऱ्यांनी भरलेली असते. तिथे ताशी १२ च्या वर जायचं नाही.

डावा काठ हवा असेल तर ग्रायफेनश्टाइनच्या जलविद्युत धरणावरून नदी ओलांडा, कॉर्नॉयबुर्गवरून पुढे या आणि डोनाउइन्सेल या बेटावर चढा. पूर रोखण्यासाठी १९७२ ते १९८८ या काळात तयार केलेलं हे बेट २१ किलोमीटर लांब आहे आणि त्यावर मोटारी नाहीत. राइख्सब्रुकेपर्यंत बिनधास्त जाता येतं. पुलावर सायकलची वेगळी वाट आहे आणि ती तुम्हाला प्राटरश्टेर्न या मोठ्या चौकात सोडते. शाळकरी मुलं असतील तर आम्ही हीच वाट निवडू. तुमच्यासारख्या सरावलेल्या गटाने कालवा घ्यावा.

आता एकत्र राहण्याबद्दल. ऑस्ट्रियात २०२२ पासून एक नियम आहे : १० किंवा त्याहून जास्त सायकलस्वारांचा गट चौकात शिरला की बाकी वाहनांनी तो पूर्ण बाहेर पडेपर्यंत थांबायचं. मात्र गटाच्या पहिल्या आणि शेवटच्या माणसाने चमकणारं जॅकेट घातलेलं असलं पाहिजे, चौकात शिरताना नेहमीचे अग्रहक्काचे नियम पाळले पाहिजेत, आणि पुढच्याने गट कुठे संपतो ते हाताने दाखवलं पाहिजे, गरज पडल्यास सायकलवरून उतरून. दोन जॅकेटं सोबत ठेवाच. गावाबाहेरच्या साध्या चौकात हा नियम फार उपयोगी पडतो. पण ट्राम धावतात त्या रस्त्यांवर १४ जणांची रांग ओढत नेऊ नका. सात-सातच्या दोन तुकड्या करा. प्रत्येकीत पुढे वाट माहीत असलेला, मागे पंप आणि पंक्चरचं सामान असलेला. सिग्नलला तुकडी तुटली तर पुढच्यांनी सिग्नल ओलांडून लगेच कडेला थांबायचं. मागच्यांनी लाल दिव्यात घुसायचं नाही. भेटण्याच्या जागा आदल्या रात्री ठरवून प्रत्येकाच्या हातातल्या कागदावर लिहा : नुसडॉर्फचे सिंह, श्वेडेनप्लात्स, सायकली परत करायचा डेपो. मोबाइलची बॅटरी शेवटच्या दिवशीच दगा देते, कारण त्या दिवशी फोटो सर्वांत जास्त निघतात.

ट्रामचे रूळ ही व्हिएन्नातली सर्वांत वाईट पडण्याची जागा. ट्रेकिंग सायकलचा टायर ३८ ते ४२ मिलिमीटर रुंद असला तरी रुळाच्या खाचेला तिरका लागला की पुढचं चाक आत ओढलं जातं. रूळ जमेल तितका काटकोनात ओलांडा. त्यासाठी आधी मागे पाहून थोडं बाहेर या, मग आडवं घ्या. रुळावर असताना ब्रेक नाही, पेडल नाही, हँडल वळवणं नाही. ओला रूळ साबणासारखा असतो. पाऊस पडत असेल तर उतरून सायकल हातात धरा. कालव्याकाठी ट्राम नाही, पण श्वेडेनप्लात्सला वर चढलात की लगेच रूळ समोर येतात, म्हणून तो चढ चालतच चढा.

आणखी तीन नियम. सिग्नल नसलेल्या सायकल-क्रॉसिंगला ताशी १० पेक्षा जास्त वेगाने शिरायचं नाही. सायकलची वाट संपते तिथून रस्त्यावर येताना आपण थांबायचं, मोटारीने नाही. आणि फुटपाथवर सायकल चालवायची नाही, दहा मीटरसुद्धा. तिथे ढकलत न्या.

प्रश्न : भाड्याच्या सायकलीचे ब्रेक उलटे असतात म्हणे. आठ दिवसांत सवय होणारच ना? – एक विद्यार्थी, सातारा

उत्तर : सवय होते, पण ती सरळ निवांत रस्त्याची. आपल्याकडे बहुतेक सायकलींना उजव्या हाताला पुढचा ब्रेक असतो. तिकडे डाव्या हाताला पुढचा, उजव्याला मागचा. नदीकाठी दिवसभरात ब्रेक फारसा लागतच नाही. तो दाबून दाबून लावावा लागतो तो शेवटच्या दिवशी, शहरात, दर दोनशे मीटरला.

घोटाळा कुठे होतो ते पाहा. उजवीकडे वळायचं म्हणून तुम्ही उजवा हात बाहेर काढता. आता हँडलवर फक्त डावा हात, म्हणजे फक्त पुढचा ब्रेक. समोर कुणी आलं, डावा हात आवळला, की पुढचं चाक अडतं आणि मागचं उचलतं. म्हणून क्रम पक्का करा : आधी दोन्ही हातांनी वेग कमी, मग हात दाखवणं, मग दोन्ही हात परत हँडलवर, मग वळण.

मागच्या चाकाच्या मधल्या तुंब्यात, म्हणजे हबमध्ये, सात गिअर असलेल्या काही सायकलींना मागे पेडल मारल्यावर लागणारा ब्रेकही असतो. त्यात निघताना पेडल मागे फिरवून वर आणता येत नाही, आणि चेन उतरली तर तो ब्रेकही गेला. सायकल घेताना पहिल्या पाच मिनिटांत हे तपासा.

साताऱ्याला परत आलात की उलट बाजूने हेच होणार. तिकडे आठवडाभर रस्त्याच्या उजवीकडून चालवलेलं असतं, त्यात झोप अपुरी, घड्याळ साडेतीन तास पुढे. आल्या दिवशी दुचाकी चालवू नका. दुसऱ्या दिवशीही रस्त्याला लागताना आधी उजवीकडे पाहा.

प्रश्न : सायकल परत करताना अनामत कापून घेतात अशी धास्ती आहे. काय काय पाहतात? – गटप्रमुख, ठाणे

उत्तर : काम नियमाने केलं तर धास्तीचं कारण नाही. सायकल ताब्यात घेतानाच चारही बाजूंनी फोटो काढा आणि फ्रेमचा नंबर टिपून ठेवा. परत करताना तसेच फोटो पुन्हा. वापराची झीज, म्हणजे टायर, ब्रेकचे पॅड, चेन, हे बहुतेक करारांत मालकाच्या अंगावर असतं. मोडतोड आणि हरवणं तुमच्या अंगावर. पंक्चरही साधारणपणे तुमचंच.

सर्वांत जास्त हरवते ती कुलपाची किल्ली. सोळा सारखी कुलपं, सोळा सारख्या किल्ल्या, आणि शेवटच्या रात्री कुणाची किल्ली कुणाच्या खिशात ते कळत नाही. पहिल्या दिवशीच चिकटपट्टीवर सायकलचा क्रमांक लिहून किल्लीला गुंडाळा. त्याखालोखाल पंप, जादा ट्यूब, पाना, हँडलवरची नकाशाची पिशवी आणि पॅनिअरचे, म्हणजे कॅरिअरला दोन्ही बाजूंनी अडकवायच्या पिशव्यांचे, हूक. ही मोजदाद टुल्नच्या मुक्कामी करा, डेपोच्या दारात नाही. टुल्नला काही विकत घेता येतं, डेपोत फक्त पैसे भरता येतात.

सर्वांत महाग पडतो तो वाकलेला डिरेलर, म्हणजे गिअर बदलताना मागच्या चाकापाशी चेन सरकवणारा भाग. सायकल उजव्या अंगावर पडली किंवा मुलांनी एकीवर एक रचल्या की तो आत दबतो. मागे उकिडवं बसून पाहा : डिरेलरच्या दोन छोट्या चाकांची रेघ वरच्या दातेरी चाकाशी सरळ जुळली पाहिजे. खालचं चाक स्पोककडे झुकलेलं दिसलं तर सर्वांत मोठ्या दातेरी चाकावर चेन चढवू नका, नाहीतर डिरेलर स्पोकमध्ये जाऊन चाकच अडकेल. तसंच मधल्या गिअरवर डेपोपर्यंत न्या आणि आपणहून सांगा. सायकली कुठेही टेकवताना डावी बाजू भिंतीला, म्हणजे डिरेलर बाहेर राहतो.

आदल्या संध्याकाळी बादलीभर पाणी आणि फडक्याने चिखल काढा. जोराचा पाण्याचा फवारा हबवर किंवा पेडलच्या एक्सलवर मारू नका, आतलं ग्रीस धुऊन निघतं. आणि अनामतीसाठी मुलांची फॉरेक्स कार्डं वापरू नका. अडकवलेली रक्कम सुटायला काही दिवस लागतात आणि मुलाकडे विमानतळावर जेवायला पैसे उरत नाहीत. एका मोठ्या माणसाचं क्रेडिट कार्ड, सगळ्यांसाठी.

प्रश्न : शेवटचा दिवस रविवारी येतो आहे. काही अडचण? – एक वाचक, सांगली

उत्तर : आहे. ऑस्ट्रियात रविवारी दुकानं बंद असतात, सायकलची आणि किराण्याचीही, आणि शनिवारी सहालाच दारं लागतात. व्हिएन्नात प्राटरश्टेर्न किंवा मुख्य रेल्वे स्थानकातलं किराणा दुकान उघडं मिळतं, पण वाटेतल्या गावांत काही नाही. ब्रेड, चीज, फळं शनिवारीच घ्या. पाण्याची काळजी नको. व्हिएन्नाच्या नळाला डोंगरातल्या झऱ्यांचं पाणी येतं, पहिली वाहिनी १८७३ पासून. बाटली कुठेही भरा. रविवारी डेपो किती वाजेपर्यंत उघडा आहे ते लेखी मागून घ्या.

आपल्या उन्हाळी सुट्टीतच तिकडच्या धार्मिक सुट्ट्या येतात, ईस्टरनंतर ३९, ५० आणि ६० दिवसांनी. २०२७ मध्ये ६ मे, १७ मे आणि २७ मे. त्या दिवशीही रविवारसारखाच कडकडीत बंद.

प्रश्न : आम्ही ६ जण स्वतःच्या सायकली नेतो आहोत. परतताना व्हिएन्नात खोक्यात भरायच्या कशा, हे पायरीपायरीने सांगाल का? – इंजिनीअरिंगचे विद्यार्थी, पुणे

उत्तर : खोक्यांपासून सुरू करू. सायकलच्या दुकानात नव्या सायकली आलेली पुठ्ठ्याची खोकी बहुधा फुकट मिळतात, पण ती रोजच्या रोज रद्दीत जातात. महिनाभर आधी ईमेल करा, तीन-चार दुकानांना, आणि दोन-दोन मागा. साधारण माप १४० × ८० × २२ सेंटिमीटर. शिवाय दर सायकलीला ८-१० केबल टाय, पाइपवर चढवतात त्या फोमच्या दोन मीटरच्या नळ्या आणि रुंद चिकटपट्टी. सहा सायकलींना चार रिळं लागतील. सराव असलेल्याला एका सायकलीला तासभर, पहिल्यांदा करणाऱ्याला दोन. विमानाच्या आदल्या दिवशी दुपारीच सुरू करा.

सायकल धुऊन कोरडी करा. सीटच्या दांड्यावर चिकटपट्टीने उंचीची खूण करा आणि सीट काढा. मग पेडल, कारण चाकं जागेवर असतानाच ती सुटतात; चाकं काढल्यावर जोर लावायला काही उरत नाही. उजव्या पेडलचे आटे सरळ, डाव्याचे उलटे. लक्षात ठेवायची युक्ती : पाना उभा लावा, टोक वर. दोन्ही बाजूंना पान्याचं टोक मागच्या चाकाकडे ढकललं की पेडल सैल होतं. १५ मिलिमीटरचा पाना किंवा ६ वा ८ ची ॲलन की, जे तुमच्या पेडलला असेल ते. पुण्यात निघण्यापूर्वी पेडलच्या आट्यांना ग्रीस लावलेलं नसेल तर व्हिएन्नात ते हलणार नाही, आणि हॉस्टेलच्या अंगणात लांब दांड्याचा पाना मिळत नाही. ही चूक पुण्यातच टाळायची.

पुढे डिरेलर. चेन सर्वांत मोठ्या दातेरी चाकावर घ्या, ५ च्या ॲलनने डिरेलर हँगरपासून, म्हणजे तो फ्रेमला जोडणाऱ्या छोट्या पट्टीपासून, सोडवा, केबल तशीच ठेवा, फडक्यात गुंडाळून चेनसह मागच्या दांड्यांच्या आत केबल टायने बांधा. वाहतुकीत सर्वांत जास्त हेच मोडतं; ही पाच मिनिटं वाचवू नका. हँगर दर मॉडेलचा वेगळा असतो, म्हणून एक जादा पुण्याहून घेऊन जा.

पुढचं चाक काढा. फोर्कच्या, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याच्या, दोन टोकांमध्ये प्लॅस्टिकचा अडसर बसवा, तो दुकानात खोक्याबरोबर मागा. नाहीतर खोकं आदळल्यावर फोर्क आत दबतो. डिस्क ब्रेक असतील तर पॅडमध्ये जाड पुठ्ठा सारा. चाक काढलेलं असताना ब्रेकचा दांडा दाबला गेला की पॅड एकमेकांना चिकटतात आणि घरी डिस्क आत जातच नाही. चाकाची एक्सल ओढून वेगळी ठेवा आणि डिस्कची बाजू फ्रेमपासून लांब राहील असं चाक फ्रेमच्या डाव्या अंगाला बांधा, मध्ये फोम.

हँडलसाठी स्टेमच्या, म्हणजे हँडल फोर्कला जोडणाऱ्या तुकड्याच्या, पुढच्या झाकणाचे चार स्क्रू सोडा आणि हँडल फ्रेमच्या वरच्या दांड्याला समांतर लटकवा. झाकण आणि स्क्रू लगेच परत स्टेमला लावा, सुटे ठेवू नका. स्टेम फोर्कवरून काढायचा नाही. काढलात तर फोर्क खाली घसरतो, बेअरिंग सांडतात. घरी जोडताना ते चार स्क्रू आलटून-पालटून, सारखे, साधारण ५ न्यूटन-मीटरने आवळा.

टायरमधली हवा कमी करा, पण पूर्ण काढू नका. थोडी हवा राहिली तर रिमला मार बसत नाही. सुटे भाग एका पिशवीत, पिशवी फ्रेमला बांधलेली. खोकं बंद करण्यापूर्वी हलवून ऐका. आत काही खुळखुळलं तर उघडा. खालचा तळ दोन्ही दिशांनी चिकटपट्टीने बांधा, कारण खोकी तळातून फाटतात आणि भाग तिथूनच पडतात.

१३ किलोची सायकल आणि ४ किलोचं खोकं मिळून १७. मर्यादा २३ असेल तर ५-६ किलो उरतात, तिथे हेल्मेट, पंप, पाने घाला. पाने हातातल्या सामानात नेऊ नका. चेनसाठीचं तेल, डिग्रीझर, गॅसचे छोटे सिलिंडर मागेच सोडा. पॉवर बँक मात्र उलट : ती खोक्यात अजिबात नाही, हातातच. २०,००० एमएएचची पॉवर बँक म्हणजे ७४ वॉट-अवर, ती १०० च्या मर्यादेत बसते. ई-सायकलची बॅटरी प्रवासी विमानात जात नाही, त्यामुळे तो विचारच करू नका.

सहा खोकी मेट्रोने नेण्याचा खटाटोप नको, मोठी व्हॅन आधी ठरवा. विमानतळावर खोकी नेहमीच्या पट्ट्यावर जात नाहीत. वजन झाल्यावर 'श्पेरगेपेक' या मोठ्या सामानाच्या खिडकीवर द्यायची. सायकल महाग असेल तर भारतातून जातानाच कस्टम्सकडून एक्स्पोर्ट सर्टिफिकेट करून घ्या, फ्रेम नंबरसह. मुंबईत परत उतरल्यावर 'ही तिकडे विकत घेतली का?' या प्रश्नाला तो कागद पुरेसा असतो.

प्रश्न : माझी मुलगी गटासोबत जाते आहे. शेवटच्या दिवशी पडली, लागलं, तर विमानाचं काय? व्हिसाचं काय? – एक आई, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : ताई, तुमचा प्रश्न योग्य आहे आणि त्याची तयारी घरूनच होते. रुग्णवाहिकेचा क्रमांक १४४, पोलिसांचा १३३, आणि काहीच आठवलं नाही तर ११२. हे हेल्मेटच्या आत चिकटवून द्या, विमा पॉलिसीचा क्रमांक आणि रक्तगटासह.

हाताला प्लास्टर घातलं असेल आणि त्याला ४८ तास झाले नसतील, तर विमानकंपन्या लांबच्या प्रवासासाठी ते उभं चिरून घ्यायला सांगतात. विमानात सूज वाढते आणि बंद प्लास्टर रक्त अडवतं. डॉक्टरांना 'उद्या विमान आहे' हे आधीच सांगा, ते तसंच घालून देतात. प्रवास करायला हरकत नाही असं लेखी घ्या. प्रत्येक बिल आणि तपासणीचा अहवाल जपून ठेवा, विमा त्यावरच मिळतो. चोरी झाली तर पोलिसांकडची तक्रार, तिला तिकडे 'आन्त्सायगे' म्हणतात, तिची प्रत घेतल्याशिवाय देश सोडायचा नाही.

व्हिसाच्या कागदावर दोन गोष्टी असतात : कुठल्या तारखेपर्यंत, आणि एकूण किती दिवस. बहुतेक वेळा तारखेला पंधरवड्याची सवलत असते, पण दिवस मोजकेच दिलेले असतात, आणि आल्याचा व निघाल्याचा दोन्ही दिवस मोजले जातात. १० दिवसांची सहल असेल तर आराखड्यात १२ दिवस दाखवून तसा अर्ज करायला गटप्रमुखांना सांगा. दुखापतीमुळे खरोखरच थांबावं लागलं, तर मुदत संपायच्या आत तिथल्या अधिकाऱ्यांकडे वाढ मागता येते. मुदत उलटून गेल्यावर नाही.

प्रश्न : मी म्यूनिखला शिकते. आम्ही ४ मराठी मैत्रिणी पासाऊ ते व्हिएन्ना करणार आहोत, सायकली स्वतःच्या. व्हिएन्नाहून रेल्वेने परत कसं यायचं? डॉइचलांडटिकेट चालेल का? – एक विद्यार्थिनी, म्यूनिख

उत्तर : डॉइचलांडटिकेट हे जर्मनीभर प्रादेशिक गाड्यांना चालणारं मासिक तिकीट. ते जाताना पासाऊपर्यंत चालतं, येताना साल्त्सबुर्ग मुख्य स्थानकापासून चालतं, मधल्या ऑस्ट्रियात नाही. आणि त्यात सायकल कुठेच येत नाही, तिचं तिकीट वेगळं.

सोपा मार्ग म्हणजे लांब पल्ल्याची गाडी, पण त्यात सायकलच्या जागेचं आरक्षण लागतं आणि जागा थोड्या. चार जणींना एकाच गाडीत हव्या असतील तर तारीख ठरल्या दिवशीच काढा.

स्वस्त मार्ग असा : ऑस्ट्रियात 'आइनफाख-राउस' हे २ ते ५ जणांचं एकत्र तिकीट मिळतं, फक्त प्रादेशिक गाड्यांसाठी, आणि त्याचा सायकलसह प्रकारही आहे. सोमवार ते शुक्रवार सकाळी नऊनंतरच चालतं. त्यावर व्हिएन्ना ते साल्त्सबुर्ग गाड्या बदलत पाच तासांच्या आसपास, पुढे साल्त्सबुर्ग ते म्यूनिख दोन तास तुमच्या डॉइचलांडटिकेटवर, सायकलसाठी बायर्न (बव्हेरिया) राज्याचं दिवसाचं तिकीट. प्रादेशिक गाडीत आरक्षण नाही, म्हणजे हमीही नाही. डबा भरलेला असेल तर गार्ड चढू देत नाही. दोन-दोन अशा विभागून चढा आणि शेवटच्या गाडीच्या आधीच्या दोन गाड्या हाताशी ठेवा.

गाडी येण्यापूर्वी पॅनिअर उतरवून ठेवा. भरल्या पॅनिअरसह सायकल पायऱ्यांवरून उचलली जात नाही आणि दार बंद व्हायला मिनिटभरच असतं. डब्यावर सायकलचं चित्र असतं, ते फलाटावर कुठे येणार ते फलकावर पाहून तिथेच उभ्या राहा. एकीने आत चढायचं, दुसरीने सायकली द्यायच्या, सामान सर्वांत शेवटी.